सात जणांची गाडी, सात जणांना बसवूनच बघा: घोडबंदर रोडवरच्या टेस्ट ड्राइव्ह

गणपतीत देवरुखला जायचं म्हणजे आमच्याकडे दरवर्षी एकच वाद, गाडीतून कोण येणार आणि रेल्वेने कोण. आई, बाबा, आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, चार वर्षांचा धाकटा आणि भाऊजी, असे आम्ही सात जण. यंदा सात सीटर घ्यायचं ठरलं आणि दोन आठवड्यांत तीन टेस्ट ड्राइव्ह झाल्या. ठाण्यात अशीच गाडी बघणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पहिली टेस्ट ड्राइव्ह फुकट गेली. शनिवारी संध्याकाळी मी आणि नवरा, दोघंच शोरूममध्ये गेलो. सेल्समन शेजारी बसला. सर्व्हिस रोडने पुढच्या सिग्नलपर्यंत, तिथून वळून परत. बारा मिनिटं. गाडी रिकामी, रस्ता सपाट, एसी गारेगार. घरी आल्यावर आईंनी विचारलं, "मला चढता येईल का गं तिच्यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून दुसऱ्या वेळी गाडी घरीच मागवली. ही सोय बहुतेक शोरूम देतात, पण आपण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. फोनवरच स्पष्ट सांगितलं: सात माणसं बसणार, घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट चढणार, तासभर लागेल. पलीकडून "मॅडम, टेस्ट ड्राइव्हला दोघं-तिघंच असतात" असं आलं. मी म्हटलं, गाडी सात जणांची म्हणून विकताय ना, मग सात जणांनीच बघू. तयार झाले. वार मंगळवार, वेळ सकाळी अकराची. शनिवार-रविवार टाळाच, मागे पुढचं गिऱ्हाईक ताटकळत असतं आणि सेल्समनचं लक्ष घड्याळाकडे. जो चालवणार त्याचं लायसन्स जवळ हवं. आम्ही दोघांनीही चालवून बघितली, कारण रोज शाळा-बाजाराला गाडी मीच काढते. माझी उंची पाच फूट एक इंच. सीट वर घेऊन बॉनेटची कड दिसते का, क्लच पूर्ण दाबला जातो का, हे नवऱ्याने चालवून मला कळणार नव्हतं.

आलेली गाडी मारुतीची अर्टिगा होती, पेट्रोल मॅन्युअल. आईंच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे. उंच एसयूव्हीत त्यांना अक्षरशः उचलून बसवावं लागतं. इथे त्यांनी आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकलं, वरचं हँडल धरलं आणि मग एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. उतरताना जमिनीला पाय टेकेपर्यंत मी बघत उभी होते. ब्रह्मांड भागातल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी मला गाडीबद्दल जे कळलं, ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नव्हतं.

मागची रांग हा खरा परीक्षेचा भाग. भाऊजी पाच फूट दहा इंच. ते आणि लेक मागे बसले. मधली सीट थोडी पुढे सरकवली तेव्हा कुठे भाऊजींचे गुडघे मोकळे झाले, पण मग मधे बसलेल्या बाबांचे पाय आखडले. ही वाटणी घरातल्या घरात, खऱ्या माणसांना बसवूनच ठरते. आणखी एक गोष्ट आम्हाला ऐनवेळी लक्षात आली. धाकट्याची चाइल्ड सीट आयसोफिक्सला (म्हणजे ती अडकवायच्या गाडीतल्या कड्यांना) अडकवली की त्या बाजूची मधली सीट पुढे पाडता येत नाही, म्हणजे मागे जायची एक वाट बंद. चाइल्ड सीट उजवीकडे लावा आणि डावीकडची, फुटपाथकडची बाजू मोकळी ठेवा. तुमची सीट टेस्ट ड्राइव्हला घेऊनच जा. मागच्या दोघांना दहा मिनिटांनी विचारा, वारा पोचतोय का. आम्ही ऑक्टोबरच्या उन्हात विचारलं, म्हणून उत्तराला अर्थ होता.

पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करत गायमुखला पोचलो. घाट लहानसा, पण कंटेनर आणि ट्रेलर रांगेने चढत असतात, त्यामुळे मधेच थांबून पुन्हा चढावर गाडी उचलावी लागते. मला तेच हवं होतं. भरलेली गाडी, एसी चालू, पुढे ट्रेलर उभा. हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोनेक सेकंद जागेवर धरून ठेवली जाते, तेवढ्यात क्लच सोडायचा. १४६२ सीसीच्या इंजिनाने दुसऱ्या गिअरवर सातही जणांना वर नेलं. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आहे, ताकद वरच्या आरपीएमला मिळते, तेव्हा गिअर उतरवायला आळस करायचा नाही. सात डोकी बसली की आतल्या आरशात मागची काच जवळजवळ दिसतच नाही. बाहेरचे आरसे नीट लावून घ्या आणि कॅमेरा नसलेलं मॉडेल घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेनोची ट्रायबरही तशीच घरी मागवली. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ताकद ७२ पीएस. एवढ्या इंजिनावर भरल्या गाडीने घाट चढायचा तर धीराने आणि खालच्या गिअरवरच, आणि हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावं. पण चार मीटरच्या आत सात जणांना बसवणं सोपं नाही, आणि मागच्या दोन सीट काढून ठेवल्या की डिकी ६२५ लिटरची होते. सातही सीट लावल्यावर मात्र ८४ लिटर उरतात. काढलेल्या सीट फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार, हेही ठरवा. आमची गॅलरी कुंड्यांनी भरलेली आहे. ज्यांच्याकडे रोज चार-पाच माणसं आणि क्वचित सात, त्यांनी ही जरूर बघावी. मुख्यतः शहरातच फिरणार असाल तर आणखीच.

डिकीचं लिटरमध्ये काही कळत नाही. घरातल्या बॅगा खाली आणा आणि भरून बघा. अर्टिगात सात जण बसल्यावर २०९ लिटर उरतात, त्यात आमच्या दोन छोट्या ट्रॉली उभ्या राहिल्या आणि वर एक पिशवी. गणपतीचं बाकी सामान टपावरच्या कॅरिअरवर जाणार, हे तेव्हाच स्वच्छ झालं. सीएनजीचा मोह आम्हालाही होता. पण सिलिंडर डिकीतच बसतो, मग त्या दोन ट्रॉलीही गेल्या. सातही जण नेहमी फिरणार असतील तर हा हिशोब आधी करा.

पार्किंग टेपने मोजा. आमची जागा भिंतीपासून साडेचार मीटर. कियाची कॅरेन्स ४५४० मिलिमीटर लांब, म्हणून ती शोरूममध्ये बसूनच बघितली आणि विषय सोडला. अर्टिगा साडेचार मीटरच्या आत बसते, पण जेमतेम काही सेंटिमीटर उरतात. मागे भिंत असेल तर डिकी उघडायला गाडी बाहेर काढावीच लागते. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) असेल तर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीच्या ऑफिसातून लेखी घ्या. टेस्ट ड्राइव्हची गाडी सात जणांसकट तुमच्या रॅम्पवरून आणि गेटच्या स्पीड ब्रेकरवरून न्या. ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असू शकतो. चाकातली हवाही बघा: ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो.

आता पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांना ४० टक्के. ट्रायबर आणि अर्टिगा यांच्या किमतीतलं अंतर त्यानेही वाढतं. किमतीने १० लाखांची रेषा ओलांडली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन आपल्या नावावर भरलेला आयकर, लागतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा.

एका शोरूमने आम्हाला फक्त ऑन-रोडचा एक गोल आकडा दिला. फोड मागितली तेव्हा त्यात 'हँडलिंग चार्जेस' निघाले आणि विमा त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल असं ठामपणे सांगितलं. मला राग आला, कारण हा पैसा नोकरदार माणसाने साठवलेला असतो. विमा कुठूनही घेता येतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी आवश्यक आहे, तो बाहेरच्या कोटेशनमध्येही असतो. आम्हाला पूर्ण विमा बाहेर १४ हजारांनी स्वस्त पडला. हँडलिंगची ओळ लेखी हरकत घेतल्यावर निघाली. तेव्हा कोटेशन ओळीओळीने, सहीशिक्क्यासह मागा आणि त्याशिवाय बुकिंगचा चेक देऊ नका.

आम्ही अर्टिगा बुक केली. गाडी यार्डात आली की नंबर पडण्याआधी बघायला जायचं आहे. एमएच-०४ ची पाटी लागल्यावर बदलून मिळणं फार अवघड. चॅसिस नंबरवरून निर्मितीचा महिना, ओडोमीटरचा आकडा, पाचही टायरवरची तारीख आणि दिवसाच्या उजेडात रंग, एवढं बघून मगच रजिस्ट्रेशनला हो म्हणणार. आईंना बरोबर नेते आहे. हँडल धरून त्या पुन्हा एकदा बसून बघणार आहेत.