तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातलं क्रोमबुक घ्यावं का?

शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. ‘विंडोज लॅपटॉपपेक्षा क्रोमबुक बरंच स्वस्त मिळतंय, घेऊ का?’ क्रोमबुक म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. मी किमतीचं काही बोलत नाही. आधी विचारते, घरात त्यावर कोण काय करणार?

मुलांचा अभ्यास, मेल, यूट्यूब, गूगल डॉक्स, बँकेचं काम एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. झटकन सुरू होतं, अपडेट आपोआप होतात, अँटिव्हायरसचा खर्च नाही. सत्तरीतल्या आईवडिलांना तर मी हेच सुचवते. विंडोजची भलतीच .exe (प्रोग्रॅमची) फाइल उघडली तरी ती त्यावर चालतच नाही.

पण विंडोजचं एखादंच सॉफ्टवेअर घरात अडून बसलेलं असतं. हिशेबाचं टॅली, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेल्या पत्रिका, ऑटोकॅडचे ड्रॉइंग. महाटेंडर या सरकारी साइटवर निविदा भरायची तर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं, ते क्रोमबुकवर चालेल या भरवशावर पैसे घालू नका. घरातला जुना लेझर प्रिंटरही आधी तपासा. यातलं एक जरी रोजचं काम असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे, कितीही सवलत असली तरी.

शंका असेल तर आहे त्या कॉम्प्युटरवर आठवडाभर फक्त क्रोम ब्राउझर वापरून बघा. बाहेरचं काय उघडावं लागलं ते कागदावर लिहीत जा. कागद कोरा राहिला तर तुमचं भागेल.

आता रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी. स्वस्त मॉडेलमध्ये ४ जीबी असते आणि ती बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली, पुढे वाढवता येत नाही. गूगल मीटवर तास चालू आहे, शेजारी पीडीएफ, सात-आठ टॅब उघडे. मागच्या टॅबवर परत जावं तर पान पुन्हा लोड व्हायला लागतं, आणि मुलाने अर्धा भरलेला फॉर्म जाऊ शकतो. थोडे जास्त गेले तरी ८ जीबीचंच घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: प्रत्येक क्रोमबुकला अपडेट थांबण्याची तारीख असते. २०२१पासून बाजारात आलेल्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. ते हार्डवेअर पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. सेलमध्ये निम्म्या किमतीला दिसणाऱ्या जुन्या मॉडेलची बरीच वर्षं आधीच संपलेली असू शकतात. मॉडेलचं नाव टाकून गूगलच्या यादीत तारीख बघा. सेकंडहँड घेत असाल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’खाली अपडेट शेड्यूल दिसतं, ते विकणाऱ्यासमोरच उघडा.

विंडोजशिवाय भागतच नसेल आणि बजेटही तेवढंच असेल, तर ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड लॅपटॉप बघा. मात्र प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको. सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला.