निवडुंग ओळखायचाय? मग काट्याच्या खाली बघा

काटे आहेत, पानं नावापुरती आहेत, तोडलं की चीक येतो, झालं, निवडुंग. बहुतेक जण इथंच थांबतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण देशावरच्या एखाद्या खडकाळ उतारावर किंवा जुन्या वस्तीच्या कुंपणात कितीतरी वेळा दोन-दोन वेगळे निवडुंग शेजारी शेजारी उभे असतात आणि आपण दोघांना एकाच नावानं हाक मारून पुढे निघून जातो. फोटो काढतात तोही लांबून, अख्ख्या झाडाचा. आणि मग "हा कुठला?" म्हणून पाठवतात. लांबून काढलेल्या फोटोवरून निवडुंग ओळखणं फार अवघड असतं हो. झाडाचा आकार जागेप्रमाणे बदलतो, ऊन-पाणी-कुऱ्हाड यांच्याप्रमाणे बदलतो. काटा आणि त्याच्या खालची जागा मात्र बदलत नाही.

आधी सगळ्यात मोठी फाळणी करून घेऊ. फड्या निवडुंग, म्हणजे चपट्या हिरव्या फडांचा, हा खरा कॅक्टस. तो मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे माणसानं आणला आणि मग तो माजला. त्याचा काटा एका छोट्याशा गादीतून निघतो आणि त्याच गादीत अगदी बारीक केसांसारख्या कुसळांचा झुपका असतो, बोटात घुसला की दिवसभर खाजवत बसायला लावतो. फड तोडला तर बुळबुळीत पाणी येतं, दुधासारखा चीक येत नाही. बाकीचे आपल्या डोंगरांवरचे जे काटेरी निवडुंग आहेत ते सगळे युफोर्बिया, एरंडाच्या कुळातले. यांचे काटे जोडीनं येतात. एका ठिकाणी दोन काटे, इंग्रजी व्हीसारखे फाकलेले, आणि त्या जोडीच्या वर पानाची किंवा गळालेल्या पानाची खूण. ही जोडी दिसली की चीक तपासायला फांदी मोडायची गरजच नाही. प्लीज मोडू नका, तो चीक डोळ्यात गेला तर डोळा भयंकर सुजतो, काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. गेलाच तर भरपूर पाण्यानं धुवत राहायचं आणि सरळ डॉक्टरकडे जायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही.

आता खरी मजा या युफोर्बियांची.

त्रिधारी सगळ्यात सोपा. युफोर्बिया अँटिकोरम. फांदीला तीन धारा, कधी चार-पाचही असतात, पण धारा अगदी पातळ पंखासारख्या, कडा नागमोडी, आणि फांदी मध्ये मध्ये आवळल्यासारखी, म्हणजे एकावर एक तुकडे रचल्यासारखी दिसते. पानं इतकी छोटी आणि इतक्या लवकर गळणारी की बहुतेक लोकांना या झाडाला पान असतं हेच माहीत नसतं. कोकणात काय देशावर काय, कुंपणाला सर्रास दिसतो. फक्त एक लक्षात ठेवा, म्हाताऱ्या झाडाचं खोड गोल आणि तपकिरी होतं, तिथं धारा शोधू नका, वरच्या कोवळ्या फांद्यांकडे बघा. हे खरं तर सगळ्याच निवडुंगांना लागू आहे, खोड सगळ्यांचंच शेवटी सारखंच दिसायला लागतं.

गोंधळ होतो तो पुढच्या दोघांचा. युफोर्बिया नेरिफोलिया आणि युफोर्बिया निवुलिया. दोघांनाही चांगली जाड, मांसल, हातभर नाही पण बोटभर तरी लांब पानं येतात, दोघंही फांद्यांच्या टोकाला पानांचे झुपके घेऊन उभे असतात, दोघांचीही पानं कोरड्या दिवसांत गळतात, दोघंही कुंपणाला लावतात. वई निवडुंग हे नाव काही ठिकाणी याला तर काही ठिकाणी त्याला, मिनगुट, थोर ही नावंही अशीच फिरतात. गावागावाचा स्वतःचा हिशोब आहे आणि तो त्या गावापुरता बरोबरच आहे, पण दोन गावच्या लोकांनी एकमेकांशी बोलायचं तर शास्त्रीय नाव लागतंच.

तर फरक कुठे बघायचा? एक कोवळी, अंगठ्याएवढी जाड फांदी निवडा आणि डोळे अगदी जवळ न्या (चष्मा असेल तर उत्तमच). नेरिफोलियात काट्यांची प्रत्येक जोडी एका ठसठशीत उंचवट्यावर बसलेली असते, आणि हे उंचवटे एकाखाली एक असे ओळीनं येतात, साधारण पाच ओळी, बहुतेक वेळा किंचित पीळ दिल्यासारख्या. म्हणून फांदीच्या टोकाकडून खाली बघितलं तर ती पंचकोनी वाटते. निवुलियाची फांदी मात्र गोल. काटे तसेच जोडीनं, पण त्यांच्या खाली उंचवटा जवळजवळ नाहीच, एक चपटा बुचासारखा ठिपका असतो आणि त्यातून दोन काटे वर आलेले. ओळी जुळवायचा प्रयत्न केला तर जुळत नाहीत, काटे फांदीभोवती फिरत फिरत वर जातात. एकदा हे डोळ्यात बसलं ना की मग लांबूनही कळायला लागतं, कारण नेरिफोलियाच्या फांदीवर ऊन पडलं की धारेच्या एका बाजूला सावलीची रेघ दिसते, निवुलियावर तशी रेघ येत नाही.

हा नुसता हौशी लोकांचा काथ्याकूट नाहीये. आयुर्वेदातली स्नुही म्हणजे नेरिफोलिया असं साधारण मानलं जातं. भगंदरावर वापरतात ते क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, बनवताना त्या दोऱ्याला तिच्या चिकाचे एकावर एक लेप देतात, त्यात अपामार्गाचा, म्हणजे आघाड्याचा, क्षार आणि हळदही असते. चरकसंहितेतही कमी काट्यांची आणि जास्त काट्यांची असे दोन प्रकार सांगून जास्त काट्यांची चांगली म्हटलंय, म्हणजे काटे बघून निवड करायची सवय किती जुनी आहे बघा. चीक गोळा करणाऱ्यानं कुठल्या झाडाचा आणला हे तपासणारं कोणीतरी हवंच की.

राजस्थान-गुजरातला जाणाऱ्यांसाठी अजून एक. अबूच्या वाटेवर, जोधपूरच्या आसपास खडकांवर जे थोराचे घुमटासारखे गच्च झुडपांचे ढीग दिसतात तो युफोर्बिया कॅड्युसिफोलिया. जमिनीपासूनच ढीगभर सरळ फांद्या, मुख्य खोड असं नाहीच, आणि थंडी संपता संपता त्याच्या बिनपानाच्या फांद्यांवर लालसर फुलोरा येतो, तो दिसतो फारच देखणा. हेन्स नावाच्या वनस्पती अभ्यासकानं १९१४ साली याला स्वतंत्र नाव दिलं, त्याच्या आधी आणि नंतरही बराच काळ वाळवंटातल्या या झाडाची नोंद दुसऱ्याच निवडुंगांच्या नावावर होत राहिली. हिमाचल-उत्तराखंडात रस्त्याकडेला दिसतो तो अजून वेगळा, युफोर्बिया रॉयलियाना, त्याला पाच ते सात धारा.

कुंडीतल्यांचं थोडक्यात सांगतो. नर्सरीत त्रिधारी म्हणून जो सरळसोट, सडपातळ, वर्षभर चमच्यासारखी पानं धरून ठेवणारा देतात तो बहुतेक वेळा आफ्रिकन युफोर्बिया ट्रायगोना असतो. आणि धारांच्या मधल्या पट्ट्यावर दुधी रंगाचे फराटे असतील तर युफोर्बिया लॅक्टिया. दोन्ही छान आहेत, पण आपला कुंपणावरचा त्रिधारी नव्हेत.

फड्यांमध्येही जाती आहेत आणि त्या न ओळखल्यानं काय होतं याचा एक नमुना इतिहासात आहे. कंपनी सरकारला किरमिजी रंग देणारे किडे हवे होते, म्हणून १७९५ च्या सुमारास ब्राझीलहून किडे आणले, पण आले दुसऱ्याच जातीचे. रंग हलक्या प्रतीचा निघाला. पण त्या किड्यांनी ओपंशिया मोनाकँथा हा फड्या निवडुंग झपाट्यानं संपवत आणला, आणि तणावर किडा सोडून केलेल्या नियंत्रणाचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून आज तेच सांगतात. ओपंशिया डिलेनी नावाच्या फड्याला मात्र त्या किड्यांनी काहीच केलं नाही, तो वाढतच गेला आणि त्याच्यासाठी १९२६ मध्ये सिलोनमधून वेगळ्या जातीचा किडा आणावा लागला. तुमच्या आमच्या डोळ्याला दोन्ही फड्याच, किड्याला मात्र फरक बरोबर कळला! डिलेनीचे काटे पिवळे, फूलही पिवळं. दख्खनमध्ये जो ओपंशिया एलॅटिऑर नावाचा फड्या दिसतो त्याचे काटे तपकिरी आणि फुलात केशरी-लाल झाक.

तर आता फोटो पाठवायचा असेल तर कोवळ्या फांदीचा बाजूनं एक, तिच्याच टोकावरून खाली एक, काट्यांच्या एका जोडीचा जमेल तितका जवळून एक, आणि झाड बुंध्यापासून कसं फुटलंय त्याचा एक. फुलोरा असला तर तोही, सोबत महिना लिहा. पानं गळालेली असली तरी चालेल, उलट तेव्हा काटे मोकळे दिसतात, त्यामुळे हिवाळा सरता सरता डोंगरात गेलात तर अवश्य बघा.