ब्लॉक उतरायच्या आधीची गोळी

खांद्याचं ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी माझं तोंड भरून कौतुक करतो. "मॅडम, काहीच दुखत नाहीये हो!" दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले की तोच माणूस भिंतीकडे बघत असतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. मधल्या वेळात ब्लॉक, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर, उतरलेला असतो, आणि तो असा उतरेल हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. कदाचित सांगितलं असेल, पण ऑपरेशनच्या टेन्शनमध्ये कोण ऐकतं?

मी भूलतज्ज्ञ आहे आणि ब्लॉक देणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडीचा भाग. पूर्ण भूल दिली की माणूस झोपतो, पण कापलेल्या जागेवरून निघणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूकडे जातच राहतात. ब्लॉकमध्ये त्या भागाच्या चेतातंतूंभोवती औषध सोडायचं, म्हणजे संदेश वाटेतच अडतो. औषध बहुतेक वेळा रोपिव्हाकेन किंवा ब्युपिव्हाकेन. "याची सवय तर लागणार नाही ना?" असं हमखास विचारतात. याची नाही लागत. पण प्रश्न अगदीच वेडगळ नाही. १८८४ मध्ये कार्ल कोलर या डॉक्टरांनी डोळा बधिर करायला वापरलं ते कोकेन होतं, आणि पुढे कोकेन टोचून चेतातंतू बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करणारे हॉल्स्टेड नावाचे मोठे सर्जन त्याच्या व्यसनात अडकले. आजची औषधं त्या जातीची नाहीत.

सोनोग्राफी आल्यापासून हे काम बघण्यासारखं झालंय. मानेवर प्रोब ठेवला की दोन स्नायूंच्या फटीत एकाखाली एक काळी वर्तुळं दिसतात, सिग्नलच्या खांबावरच्या दिव्यांसारखी. हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंची ती मुळं. सुईचं टोक स्क्रीनवर दिसत नसेल तर सुई पुढे न्यायची नाही, हा माझा नियम. प्रोब किंचित कलवायचा, टोक शोधायचं, मग पुढे. थोडं थोडं औषध, आणि दर वेळी आधी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघायचं. तेवढ्यात माझी बडबड चालूच असते: ओठांना मुंग्या येतायत का, कानात आवाज येतोय का, तोंडात लोखंडासारखी चव लागतेय का? पेशंटला वाटतं मॅडम गप्पिष्ट आहेत. खरं तर औषध रक्तात जात नाहीये ना, ते मी विचारत असते. तसं झालंच तर त्यावरचा उतारा, लिपिड इमल्शन नावाचं शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, हाताशी ठेवलेलं असतं.

मग थोड्या वेळाने गंमत सुरू होते. हात अंगाशी निवांत पडलेला असतो आणि पेशंट म्हणतो, "माझा हात वर कशाला धरून ठेवलाय?" हात कुठे आहे ही बातमीच मेंदूकडे जायची थांबलेली असते. मान वळवून बघितल्याशिवाय पटतच नाही.

काही गोष्टी मी आधीच सांगून ठेवते. मानेतल्या ब्लॉकनंतर त्या बाजूची पापणी खाली येऊ शकते, आवाज बसू शकतो. श्वास पुरेसा येत नाही असंही वाटू शकतं, कारण तिथूनच श्वासपटलाचा (फुप्फुसांखालच्या श्वासाच्या स्नायूचा) चेतातंतू जातो आणि तोही बऱ्याचदा बधिर होतो. धडधाकट माणसाला हे चालून जातं. फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर मी दुसरा ब्लॉक निवडते. गुडघ्याचं वेगळं. जांघेतला ब्लॉक दिला की मांडीचा स्नायूच ढिला पडतो आणि पेशंट उभा राहायला गेला की पाय मुडपतो. त्यामुळे आता मांडीच्या मध्यावर देतात. तिथे ताकद बरीचशी टिकते, पण गुडघ्याची मागची बाजू दुखू शकते. म्हणून ब्लॉक फसला असं समजू नये.

आता रात्रीकडे येऊ. एकदाच टोचलेला ब्लॉक औषधाप्रमाणे साधारण १२ ते १८ तास चालतो, कधी कमी, कधी जास्त. सकाळी दहाला दिलेला म्हणजे साधारण रात्री दहा ते पहाटे चारच्या दरम्यान उतरणार. वॉर्डात सामसूम, नातेवाईक खुर्चीत पेंगलेला. संध्याकाळची गोळी तशीच पडलेली असते, कारण "दुखतच नव्हतं, मग कशाला घ्यायची?" आणि मग दुखणं पायरी-पायरीने येत नाही, एकदम अंगावर येतं. तेव्हा घेतलेल्या गोळीला गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो काढणं महाकठीण.

म्हणून माझ्या पेशंटच्या कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिते: दुखत नसलं तरी गोळी वेळेवर. पॅरासिटामॉल पहिल्या दिवसापासून ठरल्या वेळी, आणि किडनी-पोट ठीक असेल तर सोबत सुजेची गोळी. झोपायच्या आधीचा डोस चुकवायचा नाही. बोटांत मुंग्या आल्या किंवा बोट हलायला लागलं की ब्लॉक उतरू लागला, जास्तीच्या दुखण्यासाठी दिलेली गोळी तेव्हाच घ्यायची. हे सगळं मी पेशंटपेक्षा सोबतच्या माणसाला सांगते आणि त्याच्या मोबाइलवर अलार्म लावून घेते. काही जण हसतात, हसू देत. मोठ्या ऑपरेशनला आम्ही बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवतो, पण तीही कधीतरी काढावी लागतेच.

बधिर हात गळ्यात बांधूनच ठेवा. झोपेत तो स्वतःच्याच तोंडावर आपटतो. शेकायची पिशवी अजिबात नको, भाजलं तरी कळणार नाही. पाय बधिर असेल तर टाच एकाच जागी दाबून ठेवू नका. आणि प्लास्टर घट्ट वाटायला लागलं, बोटं पांढरी किंवा गार पडली, गोळ्या घेऊनही दुखणं वाढतच गेलं, श्वास लागला किंवा दोन दिवसांनंतरही बधिरपणा गेला नाही, तर ब्लॉकचंच असेल म्हणून वाट बघत बसू नका. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी फोन करा, आम्ही जागेच असतो.