फडताळ

पुणे, शुक्रवार, 14 जून 2024

आज दुपारी दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचनेची पावती हाती आली. 2017 च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर नोंदणी करावी लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यावी लागते. परंतु बोलताना सगळे ‘शॉप अ‍ॅक्ट काढला’ असेच म्हणतात आणि मीही फोनवर आईला तसेच सांगितले. आमच्याकडे कामगार एकही नाही. मी आहे आणि जाऊबाई आहेत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि हंगामात लोणचे, एवढाच आमचा पसारा.

कागदाचे काम दोन दिवसांत झाले. नावाला मात्र पाच आठवडे लागले. जाऊबाईंच्या मनात ‘अन्नपूर्णा’ होते. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो, म्हणून तेथे पाहिले, तर त्या नावाचे इतके अर्ज निघाले की दुसऱ्या पानानंतर मी पाहणे थांबवले. नंतर मी ‘अस्सल भाजणी’ सुचवले आणि स्वतःच मागे घेतले, कारण 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातील कलम 9 प्रमाणे जे शब्द मालाचे केवळ वर्णन करतात किंवा तो कोठला आहे एवढेच सांगतात, ते सहसा कोणा एकाच्या नावावर केले जात नाहीत. ‘सदाशिव पेठ मसाले’ हे नावही त्याच कलमात अडकले असते, आणि पेठेतल्या माणसाला हे पटवणे किती अवघड असते ते मला या निमित्ताने समजले. शेजारच्या काकांनी शिवछत्रपतींच्या नावाचा आग्रह धरला होता. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या यादीत ते नाव असल्यामुळे व्यापारासाठी ते परस्पर वापरता येत नाही, हे त्यांना सांगितल्यावर ते माझ्यावरच थोडे रुसले.

नाव सापडले ते स्वयंपाकघरात. मी मेतकुटाचा डबा शोधत होते आणि जाऊबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “फडताळात बघ.” त्यांच्या कोथरूडच्या सदनिकेत फडताळ कोठून असणार? सासूबाईंच्या नारायण पेठेतल्या वाड्यात, स्वयंपाकघराच्या जाड भिंतीत ते होते. वाडा पाडून इमारत उभी राहिली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरी सनमायका लावलेल्या त्या कपाटाला जाऊबाई अजून फडताळच म्हणतात, आणि मीही काही न बोलता नेमके तेच कपाट उघडले होते. त्या क्षणी दोघींनी एकमेकींकडे पाहिले, एवढे मला आठवते.

मराठीत ठरलेले हे नाव रोमन लिपीत लिहिण्याची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. ‘फ’साठी एफ लिहावा की पी-एच, यावर घरात दोन तट पडले, आणि ‘ळ’ला तर त्या लिपीत जागाच नाही. उद्यम या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या अर्जात जे लिहिले तेच अन्नपरवान्यावर, तेच पाकिटावर आणि तेच बँकेत अक्षरशः जुळले पाहिजे, कारण एकमालकी व्यवसायाचे चालू खाते उघडताना बँक साधारणपणे त्या व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे मागते. शेवटी पी-एच ठरले. बँकेतल्या मुलीने ते ‘फडतल’ असे वाचले आणि जाऊबाईंनी तिला तेथेच ‘ळ’ म्हणायला लावला.

त्याआधी एक गंमत झाली. सूचनेच्या अर्जासोबत नावाची मराठी पाटी दिसेल असे जागेचे छायाचित्र जोडायचे होते, म्हणजे कागद मिळण्यापूर्वीच पाटी हवी. मी जाड कागदावर स्केचपेनने ‘फडताळ’ लिहून दाराला चिकटवले. 2022 च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे आणि देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. आमच्या पाटीवर दुसरी लिपीच नव्हती, त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही.

उद्यमच्या बाबतीत मात्र आम्ही थोडक्यात वाचलो. 1 जुलै 2020 पासून चालू असलेली ही नोंदणी पूर्णपणे विनामूल्य आहे. पण शोधताना प्रथम जे पान उघडले ते हुबेहूब सरकारी वाटणारे होते आणि शेवटच्या पायरीवर त्याने दोन हजारांच्या आसपास शुल्क मागितले. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नाही हे पुतण्याच्या ध्यानात आले नसते, तर ते पैसे गेलेच असते. अन्नसुरक्षेची प्राथमिक नोंदणी लहान उलाढालीसाठी असते आणि आम्हाला तिच्या वर्षाचे 100 रुपये पडले. मिळालेला चौदा अंकी क्रमांक मात्र प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो.

एवढे कागद जमले तरी त्यांपैकी एकानेही ‘फडताळ’ हे नाव आमचे होत नाही, हे मला फार उशिरा कळले. ही प्रमाणपत्रे व्यवसाय असल्याचे सांगतात. नावावरचा हक्क ट्रेडमार्कने मिळतो, किंवा दीर्घ वापराने. वापराचे हे तत्त्व मला आवडले. या शहरात जिलब्या मारुती आणि पासोड्या विठोबा ही देवळांची नावे कोणत्या कचेरीत नोंदवली गेली होती? लोक म्हणत राहिले आणि ती टिकली. तरीही अर्ज करायचा असे ठरवले आहे. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये पडतात. मसाले आणि पिठे वर्ग 30 मध्ये, लोणचे वर्ग 29 मध्ये. वाड्यातल्या फडताळात लोणच्याची बरणी आणि मसाल्याचा डबा शेजारी शेजारी असत, त्यांच्यामध्ये कायद्याने 4,500 रुपयांची भिंत घातली आहे. तूर्त लोणचे थांबेल.

आज रात्री तो अर्ज भरायला बसले आणि ‘अर्जदार’ या रकान्यापाशी अडले. आतापर्यंतच्या प्रत्येक कागदावर मालक म्हणून माझे एकटीचे नाव आहे, कारण जाऊबाई म्हणाल्या होत्या, “मला त्या सह्यांमध्ये गुंतवू नकोस, तूच काय ते बघ.” तेव्हा ते सोयीचे वाटले. परंतु भाजणीचे प्रमाण त्यांचे, धणे किती भाजायचे हे वासावरून ठरवणारे नाक त्यांचे आणि हा शब्दही त्यांच्याच तोंडचा. भागीदारी करायची तर करारनामा हवा, नवा पॅन हवा, आजच आलेली पावती बदलून घ्यायला हवी. 1932 च्या कायद्याप्रमाणे भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारावरून बाहेरच्या कोणावर दावा लावता येत नाही, म्हणजे तीही करावी लागेल. पुन्हा दोन आठवडे जातील आणि श्रावणाच्या आधी पाकिटे दुकानांत पोहोचवायची आहेत.

रकाना मोकळाच ठेवून अर्ज बंद केला. जाऊबाईंना सोमवारी पॅन कार्ड घेऊन यायला सांगितले आहे. कशासाठी ते सांगितलेले नाही.