देहूरोडचा बुद्ध

प्रस्थानाच्या दुसऱ्या दिवशी तुकोबांची पालखी देहूतून निघते. अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी पहिली अभंग-आरती होते, चिंचोलीत विसावा होतो आणि मग दिंड्या देहूरोडवरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागतात. आकुर्डीच्या मुक्कामाची ओढ असते, त्यामुळे इथं कुणी थांबत नाही. मी थांबलो. विणेकरीबुवांना म्हटलं, "माऊली, तुम्ही व्हा पुढं, निगडीच्या आत गाठतो," आणि बुद्धविहाराकडं वळलो.

इथली बुद्धमूर्ती रंगूनची. 1954 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. परतल्यावर 25 डिसेंबरला त्यांनी स्वतः इथं तिची प्रतिष्ठापना केली. नागपूरची धम्मदीक्षा तेव्हा पावणेदोन वर्षं लांब होती. नागपूर सगळ्यांना ठाऊक. देहूरोड आपल्या वाटेवर असून वारकऱ्यांत त्याचं नाव निघत नाही.

आणि नाव निघायलाच हवं. कारण त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेब म्हणाले होते की पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, आणि हे आपण लिहून सिद्ध करणार आहोत. ते लेखन पुरं व्हायच्या आत, 6 डिसेंबर 1956 ला, ते गेले.

इतिहास म्हणून ही गोष्ट सिद्ध झाली आहे असं मी म्हणणार नाही. विठ्ठलाच्या मुळाबद्दल संशोधकांचं एकमत नाही. पण हे ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी आधी आपलीच गाथा उघडावी. मौन धरलेला 'बौद्ध अवतार' तुकोबांच्याच अभंगात आहे. दशावताराच्या जुन्या मराठी चित्रांत नवव्या जागी बुद्ध म्हणून कितीदा तरी विठ्ठलच उभा असतो. (आमच्या घरच्या पंचांगातही तसाच होता, कुणाला खटकला नाही.)

गळ्यातले टाळ बघून विहारातल्या एका आजोबांनी "जय भीम, या माऊली," म्हणत पाणी दिलं. माझ्या तोंडून आधी 'राम कृष्ण हरी' गेलं, मग 'जय भीम'. ते नुसते हसले.

दिंडी गाठली तेव्हा बुवा रागावलेले. कुठं गेलो होतो ते सांगितलं.

"वारीत वाकडी वाट कशाला?"

मी अभंगाची आठवण दिली. त्यांना तो तोंडपाठ. "पण त्याचा देहूरोडशी काय संबंध?"

आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरापर्यंत आमचं जुंपलं. त्यांना पटलं नाही. प्रतिष्ठापनेची तारीख मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतली.