तुम्ही विचारलंत म्हणून: कॉकपिटचे जुने भाग मिळतात कुठे?

आमच्या शेडमध्ये विमान पाहायला आलेला माणूस आधी इंजिनाभोवती एक फेरी मारतो, मग पंखावर चढून कॉकपिटमध्ये डोकावतो आणि हमखास विचारतो, "हे सगळं तुम्हाला मिळालं तरी कुठून?"

विमान आहे नॉर्थ अमेरिकन कंपनीचं एटी-6डी. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानावर बसण्याआधी शेवटचे धडे ज्यावर गिरवले जायचे, ते हे दोन आसनी प्रशिक्षण विमान. अमेरिकन नौदलात त्याला एसएनजे म्हणत, ब्रिटन, कॅनडा आणि भारताच्या हवाई दलांत हार्वर्ड. सगळे प्रकार मिळून 15,000 हून जास्त बांधली गेली. आमच्याकडे आलं तेव्हा पंख होते, इंजिन होतं, पण दोन्ही कॉकपिटमध्ये नुसती भोकं आणि कापलेल्या वायरी.

भाग मिळाले ते भंगारातून, अपघातग्रस्त सांगाड्यांतून, युद्धानंतर विकल्या गेलेल्या न उघडलेल्या खोक्यांतून आणि लोकांच्या कपाटांतून. पण एवढ्या उत्तरावर शोधायला निघालात तर पैसे आणि वर्षं दोन्ही वाया जातील. आधी ठरवावं लागतं की आपल्याला कुठल्या काळातलं कॉकपिट उभं करायचंय. विमान बाहेरून तेच दिसतं, आत मात्र बदलत गेलेलं असतं. याच विमानाचा आधीचा प्रकार एटी-6सी, त्याच्यातली वीजव्यवस्था 12 व्होल्टची, आमच्या डी मध्ये ती 24 ची. सी चा दिवा, मोटर किंवा विजेवर चालणारा मीटर डी मध्ये बेमालूम बसेल, पण वीज सुरू करताच जळेल. 1949 पासून जुन्या विमानांची नव्याने बांधणी करून टी-6जी तयार केली, तेव्हा कॉकपिटची मांडणीही बदलली. बाजारात त्याचे भाग बरेच दिसतात आणि सुंदरही असतात, पण युद्धकाळातल्या विमानात ते खोटेच. वेग दाखवणाऱ्या तबकडीवर नॉट (तासाला सागरी मैल) लिहिलेत की साधे मैल, हेही पाहायचं. युद्धकाळात अमेरिकन नौदल नॉटमध्ये मोजायचं, लष्कराचं हवाई दल मैलांत. नौदलाची तबकडी आमच्या विमानात मला चालणार नाही, मग ती कितीही कोरी असो.

म्हणून मी पहिली वस्तू मिळवली ती सुट्या भागांची सचित्र यादी. हवाई दलांनी दुरुस्तीसाठी छापलेली ही पुस्तकं आहेत, प्रत्येक कळ, प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक स्क्रू चित्रासह आणि क्रमांकासह. नॉर्थ अमेरिकनच्या स्वतःच्या भागांचा क्रमांक वाचायला शिकणं फार मोलाचं. त्यातला सुरुवातीचा आकडा म्हणजे तो भाग मुळात ज्या करारातल्या विमानासाठी आखला गेला त्याचा क्रमांक. हार्वर्ड 2 चा 66, एटी-6ए चा 77, सी आणि डी चा 88.

हे अर्धवट माहीत असताना माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून सलते. मागच्या कॉकपिटचा थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, त्याच्या पत्र्याच्या घरासकट, एका गृहस्थांनी दाखवला. क्रमांक 66 ने सुरू होत होता. आमचं विमान 88 चं, म्हणून मी नको म्हटलं. चार महिन्यांनी यादीचं ते पान नीट वाचलं, तर डी साठी नेमका तोच क्रमांक छापलेला. जो भाग बदलला नाही, त्याचा क्रमांक कंपनीने का बदलावा? फोन केला तोवर तो दुसऱ्याकडे गेला होता. दुसरा मिळायला दोन वर्षं गेली. आता यादी उघडून समोर ठेवल्याशिवाय मी हो किंवा नाही काहीच म्हणत नाही.

उंची, वेग, वळण दाखवणारी उपकरणं तुलनेने सोपी, कारण ती एका विमानाची नसतातच. कोल्समन, पायोनियर, स्पेरी या कंपन्यांची उपकरणं बॉम्बफेकी विमानांतही असायची. मोठ्या तबकड्यांचं भोक ठरलेलं, 3⅛ इंचांचं. तेव्हा विमानाच्या नावाने न शोधता उपकरणाच्या पाठीवरच्या पट्टीवरचा क्रमांक शोधावा.

खरी दमछाक होते ती फक्त या विमानात असलेल्या वस्तूंसाठी. हायड्रॉलिक दाब सुरू करणारा छोटा दांडा घ्या. या विमानात चाकांचा किंवा फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली करायच्या झडपांचा) दांडा नुसता हलवून भागत नाही. हा छोटा दांडाही दाबावा लागतो, मग थोडा वेळ दाब मिळतो आणि तेवढ्यात काम उरकायचं असतं. ही सवय विद्यार्थ्याच्या हाताला लागेपर्यंत मागे बसलेला शिक्षक ओरडत असणार. आम्हाला मिळालेल्या दांड्याच्या मुठीवरचा रंग एकाच बाजूने घासून गेलाय, अंगठ्याएवढा. रंगवून घ्या असं सगळे सांगतात. मी हातही लावू देणार नाही.

रबर मात्र जुनं वापरत नाही. उपकरणं बसवलेल्या पॅनलला धक्के बसू नयेत म्हणून लावलेली रबरं, नळ्या, कापडी वेष्टणाच्या वायरी, हे सगळं नवीन. विमान उडवायचं असेल तर प्रत्येक उपकरण मान्यताप्राप्त कारखान्यात तपासून, त्याचा कागद घेऊनच बसवायचं. खोक्यात ऐंशी वर्षं पडलेली वस्तू "नवी" म्हणून विकतात, पण तिच्यातलं वंगण कधीच घट्ट झालेलं असतं.

आता तबकड्यांबद्दल, आणि हे कृपया मनावर घ्या. त्या काळच्या अनेक तबकड्यांवर अंधारात चमकावेत म्हणून आकडे रेडियमच्या रंगाने रंगवलेले असतात. चमक गेलेली असते, कारण रंगातलं झिंक सल्फाइड निकामी होतं. रेडियम मात्र तसंच असतं, ते निम्मं व्हायलाच सुमारे 1,600 वर्षं लागतात. म्हणजे चमक गेलेली तबकडी निर्धोक, हा समज चुकीचा. बंद उपकरण हाताळणं एक आणि काच काढून आकडे खरवडणं वेगळं, कारण सुटलेली धूळ श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाते. अशा अनेक तबकड्या कोंदट खोलीत ठेवल्या तर रेडॉन वायूही साठतो. आमच्याकडे येणारी प्रत्येक वस्तू आधी गायगर काउंटरखालून जाते. किरणोत्सर्गी निघालेली आम्ही उघडत नाही, परवाना असलेल्या माणसाकडे देतो.

माणसांबद्दल सांगायचं तर, पैशापेक्षा अदलाबदल जास्त चालते. आपल्याला नको असलेला भाग विकून टाकू नका. टी-6जी चं जे सामान मी घेऊन बसले होते, त्याच्याच बदल्यात मला पायाजवळचे दोन इंधनमापक मिळाले. हौशी रेडिओवाल्यांनाही विचारा. युद्धानंतर विमानांचे रेडिओ स्वस्तात विकले गेले आणि त्यांनी ते विकत घेतले. बहुतेकांना जादा भोकं पाडलेली असतात, पण एखादा जसाच्या तसा निघतो.

पुढच्या पॅनलवर अजून एक भोक झाकणाने बंद आहे. ती घड्याळाची जागा. विमान मोडीत निघालं की सगळ्यात आधी घड्याळ कोणाच्या तरी खिशात जायचं, त्यामुळे ते भंगारात जवळजवळ सापडतच नाही, घरांतच सापडतं. तुमच्या घरी एखाद्या जुन्या वैमानिकाचं किंवा मेकॅनिकचं सामान असेल आणि त्यात पट्टा नसलेलं, काळ्या तबकडीचं जाड घड्याळ असेल, तर उघडू नका. पाठीमागचा मजकूर वाचा आणि मला कळवा.