तियाची फाइल

परवा शनिवारी तियाने मला पहिल्यांदा तिची फाइल दाखवली. निळी, प्लॅस्टिकची, बटण तुटलंय म्हणून वर रबरबँड. आमची लेक सात महिन्यांची होती तेव्हापासून तिया तिला सांभाळते, आता लेक दुसरीत गेली तरी शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत तियाकडेच. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही. तिया म्हणजे स्पॅनिशमध्ये मावशी किंवा आत्या, लेकीने तेच उचललं आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

फाइलमध्ये काय होतं तर 2001 सालच्या घरभाड्याच्या पावत्या, हॉटेलातल्या हाउसकीपिंगच्या पगाराच्या स्लिपा, विजेची बिलं, दरवर्षीचे टॅक्सचे कागद, तिच्या इथे जन्मलेल्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड. एकही कागद ती टाकून देत नाही. कारण 13 फेब्रुवारी 2001 पासून आपण सलग अमेरिकेतच राहतोय हे तिला कधीही सिद्ध करून दाखवावं लागू शकतं. तिला इथे राहायची जी परवानगी आहे तिला टीपीएस म्हणतात, टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस, म्हणजे तात्पुरतं संरक्षण. 2001 मध्ये तियाच्या देशात, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये, महिन्याभरात दोन मोठे भूकंप झाले तेव्हा तिथल्या लोकांना हे मिळालं, आणि तेव्हापासून साधारण दर दीड वर्षाने मुदत वाढते, दर वेळी फॉर्म, फी, बोटांचे ठसे. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्वाचा रस्ता नाही. आत्ताच्या कार्डावर 9 सप्टेंबर 2026 अशी तारीख आहे.

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत तियासारख्या, तिकडच्या देशांतून आलेल्या लोकांचा विषय निघाला आणि आमच्याच ओळखीचे एक काका म्हणाले, "हे लोक आपल्या देशात का नाही गं राहत? आपण कसे रीतसर आलो." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. वाईट वाटलं पण शब्द सुचेनात, मी ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसले. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तर काका, हे तुमच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी पण, कारण दहा वर्षं मेरीलँडमध्ये राहून मीही कधी विचारलं नव्हतं की इथे एवढे साल्वाडोरन लोक नेमके का आहेत.

वॉशिंग्टन आणि आजूबाजूच्या भागात लॅटिनो लोकांमध्ये सगळ्यात जास्त संख्या साल्वाडोरन लोकांची आहे. याची सुरुवात एल साल्वाडोरमधल्या यादवी युद्धाच्याही आधीची. साठ-सत्तरच्या दशकात तिथे नेमणुकीवर असलेले अमेरिकन डिप्लोमॅट परत येताना घरकामाला, मुलं सांभाळायला तिथल्या बायकांना सोबत घेऊन आले. मग एकीच्या ओळखीने दुसरी आली, बहीण आली, गावची आली. इंतिपुका नावाच्या गावातून तर इतके लोक इकडे आले की त्या गावाचं नाव इथल्या जुन्या रहिवाशांनाही माहीत आहे. म्हणजे पहिली वाट आपणच बोलावून पाडून दिलेली. 'आपणच' लिहिलं मी, राहू दे, टॅक्स भरते मी इथे.

पण लोंढा आला तो 1980 नंतर. एल साल्वाडोर केवढा, तर आपल्या पुणे आणि सातारा जिल्ह्यांची बेरीज केली तर त्याहूनही लहान देश. जमीन मोजक्या कॉफीवाल्या घराण्यांकडे, बाकीचे मजूर, आणि कोणी संघटना केली की लष्कर. हे काही अमेरिकेने सुरू केलं नव्हतं, तिथल्या श्रीमंतांनी आणि सेनाधिकाऱ्यांनी आपल्याच लोकांना चिरडलं हे आधी मान्य करायला हवं. पण 1980 च्या फेब्रुवारीत तिथले आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी प्रेसिडेंट कार्टरना पत्र लिहिलं, की आमच्या सरकारला लष्करी मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांवर वापरली जाईल. पत्राचा उपयोग झाला नाही. 23 मार्चच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना सांगितलं की हे दमन थांबवा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना त्यांना गोळी घातली. त्यानंतर बारा वर्षं सरकार आणि डाव्या बंडखोरांचं युद्ध, 75 हजारांच्या आसपास माणसं मेली, आणि अमेरिकेने त्या सरकारला 4 अब्ज डॉलरच्या वर मदत दिली. क्यूबा, निकाराग्वा आणि मग हा देश, असे एकेक करून कम्युनिस्ट होतील ही अमेरिकेची भीती.

तियाचं गाव मोरासान प्रांतात, होंडुरासच्या सरहद्दीला लागून, डोंगराळ. 1981 च्या डिसेंबरमध्ये ती सहा वर्षांची होती. तिच्या गावापासून चालत जायच्या अंतरावर एल मोसोते नावाचं गाव आहे. होतं म्हणा. तिथे अट्लाकाट्ल बटालियन आली, अमेरिकन सल्लागारांनी तयार केलेली साल्वाडोरच्या लष्कराची खास तुकडी, आणि तिने त्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये जवळपास हजार माणसं मारली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. रुफिना आमाया नावाची बाई झुडपामागे लपून वाचली, नवरा आणि चार मुलं गेली तिची, आणि नंतर जन्मभर ती हे सांगत राहिली. 27 जानेवारी 1982 ला अमेरिकेच्या दोन मोठ्या पेपरांमध्ये ही बातमी पहिल्या पानावर आली. 28 जानेवारीला प्रेसिडेंट रेगन यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, लिहून दिलं की एल साल्वाडोरचं सरकार मानवी हक्कांसाठी प्रामाणिक प्रयत्न करतंय, कारण असं लिहून दिल्याशिवाय पुढची मदत सुटत नव्हती. एका दिवसाचं अंतर.

युद्ध संपल्यावर 1992 मध्ये अर्जेंटिनाच्या तज्ज्ञांनी तिथल्या चर्चशेजारची एक छोटी खोली खणली. 143 सांगाडे, त्यातले 131 बारा वर्षांच्या आतल्या मुलांचे. काडतुसांच्या पुंगळ्याही सापडल्या, 184 पुंगळ्यांवरचा शिक्का वाचता आला, तो मिसूरी राज्यातल्या लेक सिटीच्या कारखान्याचा होता, अमेरिकन सरकारसाठी बनवलेली काडतुसं. मी हा आकडा वाचला तेव्हा स्वयंपाकघरात होते, कुकरची शिट्टी झाली ती ऐकूच आली नाही.

तियाने मला यातलं फारसं काही सांगितलेलं नाही. ती सांगते ते वेगळंच. गेल्या वर्षी ती मला पुपुसा करायला शिकवत होती, मक्याच्या पिठाचा गोळा हातावर घेऊन त्यात चीज आणि लोरोकोच्या कळ्या भरायच्या आणि पाण्याचा हात लावून दोन्ही तळव्यांमध्ये थापायचा. थापायचा आवाज अगदी भाकरीचा. माझी आजी परातीत थापायची, हिची हवेतच गोल फिरते, एवढाच फरक. माझ्या पुपुशाच्या कडा फाटत होत्या तेव्हा ती म्हणाली, मी हे कॅम्पमध्ये शिकले, तिथे एकेका चुलीवर किती जणांचं करायला लागायचं. कॅम्प म्हणजे कोलोमोनकाग्वा, सरहद्दीपलीकडे होंडुरासमध्ये. त्यांचं कुटुंब रात्री चालत तिकडे गेलं आणि हजारो निर्वासितांबरोबर आठ वर्षं कुंपणाच्या आत राहिलं. लिहायला-वाचायला ती तिथेच शिकली, तिची आईसुद्धा, कारण ज्याला येतंय त्याने दुसऱ्याला शिकवायचं असा तिथला नेम. 1990 च्या सुरुवातीला युद्ध चालू असतानाच ते सगळे परत आले आणि मोरासानमध्ये नवीन वस्ती बसवली, तिला नाव दिलं सेगुंदो मोंतेस.

हे सेगुंदो मोंतेस म्हणजे सॅन साल्वाडोरच्या विद्यापीठातले एक जेझुइट पाद्री आणि समाजशास्त्रज्ञ. देश सोडून अमेरिकेत गेलेल्या साल्वाडोरन लोकांचा त्यांनी अभ्यास केला होता, किती गेले, कसे राहतात, घरी किती पैसे पाठवतात. 16 नोव्हेंबर 1989 च्या पहाटे लष्कराने त्यांना, आणखी पाच पाद्र्यांना, त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईंना आणि त्या बाईंच्या सोळा वर्षांच्या मुलीला ठार मारलं. मारणारे सैनिक पुन्हा त्याच अट्लाकाट्लचे. जो माणूस स्थलांतर मोजत होता त्यालाच संपवलं आणि परत आलेल्या लोकांनी आपल्या वस्तीला त्याचं नाव दिलं. तिया हे सांगताना रडत वगैरे नाही, ती कोबीचं लोणचं ढवळत होती.

आता काकांच्या 'रीतसर'कडे येते. अमेरिकेचा निर्वासितांचा कायदा 1980 चा आहे, छळाच्या भीतीने पळून आलेल्याला आश्रय मागता येतो. मग या लोकांनी मागितला नाही का? मागितला की. 1984 मध्ये साल्वाडोरन लोकांचे तीन टक्क्यांपेक्षाही कमी अर्ज मंजूर झाले. कारण उघड आहे, यांना निर्वासित म्हटलं तर ज्या सरकारला पैसे देतोय ते लोकांना छळतंय असं मान्य करावं लागतं. म्हणून यांना म्हणायचं की तुम्ही कामधंद्यासाठी आलात, आणि परत पाठवायचं. तेव्हा 1982 पासून ॲरिझोनातल्या टुसॉनच्या एका चर्चने उघडपणे या लोकांना आसरा द्यायला सुरुवात केली, मग देशभर शेकडो चर्च आणि ज्यूंची सिनेगॉग त्यात आली, काहींवर खटले झाले. शेवटी चर्चनीच सरकारवर केस केली आणि 1991 मध्ये तडजोड होऊन जुने अर्ज पुन्हा ऐकायचं ठरलं. तोवर दहा वर्षं गेली होती, पोरं मोठी झाली होती.

आणि रीतसर रांगेत उभं राहून येण्याचं म्हणाल तर आपली रांग कोणी बनवली? 1965 चा कायदा झाला, देशानुसार असलेले जुने कोटे गेले, म्हणून भारतातून डॉक्टर, इंजिनिअर येऊ शकले. त्याच कायद्याने मेक्सिको आणि दक्षिणेकडच्या देशांवर पहिल्यांदाच आकड्याची मर्यादा घातली. आपल्याला दार उघडणारा आणि त्यांचं अरुंद करणारा कागद एकच आहे. आमचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज 2014 पासून पडून आहे, एच-वन, म्हणजे कामाचा व्हिसा, रिन्यू करताना पोटात गोळा येतो तो मला माहीत आहे, म्हणून तर मला वाटतं की तियाची फाइल सगळ्यात आधी आपल्याला कळायला पाहिजे. आमची रांग लांब आहे पण आहे तरी. तिच्यासारखीला उभं राहायला रांगच नाही.

युद्धानंतरचं थोडक्यात सांगते. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांमध्ये वाढलेल्या निर्वासितांच्या मुलांमधून तिथे टोळ्या उभ्या राहिल्या, एमएस-13 या टोळीची सुरुवात तिथली, साल्वाडोरमधली नाही. नव्वदच्या दशकात, 1996 च्या कडक कायद्यानंतर तर जास्तच, त्या पोरांना हद्दपार करून नुकत्याच युद्धातून उठलेल्या देशात सोडलं, जिथे ना नोकऱ्या ना धड पोलीस. 2015 मध्ये तिथे दर लाख लोकांमागे शंभरापेक्षा जास्त खून झाले. मग त्या टोळ्यांना घाबरून पोरं एकटी उत्तरेकडे यायला लागली आणि टीव्हीवर परत तोच प्रश्न, हे का येतात.

ग्वाटेमालाची गोष्ट तर आणखी जुनी, तिचा वेगळा ब्लॉग होईल. 1952 मध्ये तिथल्या निवडून आलेल्या सरकारने पडीक जमिनी भूमिहीनांना द्यायचा कायदा केला, युनायटेड फ्रूट या केळीवाल्या कंपनीला तिनेच टॅक्ससाठी लावलेल्या किमतीने सव्वासहा लाख डॉलर देऊ केले, तिच्या वतीने मागणी आली जवळपास 1 कोटी 58 लाखांची, आणि 1954 मध्ये सीआयएने ते सरकार पाडलं. पुढे 36 वर्षांचं युद्ध, 2 लाख मृत, बहुतेक माया आदिवासी. आमच्या सोसायटीचं गवत कापणारे दोघे भाऊ तिथले आहेत, आपापसात स्पॅनिश नाही, मायांची भाषा बोलतात. मला हे गेल्या महिन्यात कळलं.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. 2025 च्या मार्चमध्ये अमेरिकेने दोनशेहून जास्त व्हेनेझुएलाच्या लोकांना विमानाने एल साल्वाडोरच्या मोठ्या तुरुंगात नेऊन टाकलं, त्यासाठी तिथल्या सरकारला पैसे दिले. त्याच वेळी आमच्या मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एका साल्वाडोरन माणसालाही पाठवलं, कोर्टाने त्याला तिथे पाठवू नका असं सांगितलेलं असताना, आणि मग सरकारनेच कबूल केलं की चूक झाली. त्या आठवड्यात तिया लेकीला बागेत घेऊन गेली नाही. मी कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. घरातच दोघींनी पत्त्यांचा बंगला केला.

पूर्वी रात्री ती वॉशिंग्टनमध्ये ऑफिसं साफ करायला जायची. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली नाव नाही माहीत, मोठ्या खिडक्या, आणि खिडकीतून तो पांढरा घुमट दिसायचा. कॅपिटल, म्हणजे अमेरिकेची संसद. मदतीचा एकेक डॉलर जिथे मंजूर झाला तो.

तिचा नवरा घरं रंगवतो, दोघं मिळून दर महिन्याला गावी पैसे पाठवतात, तिची आई अजून सेगुंदो मोंतेसमध्येच आहे. 2023 मध्ये असे 8 अब्ज डॉलर त्या देशात गेले, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास पाव. तियाची मोठी मुलगी आजीकडे वाढली, ती चार वर्षांची असताना तिया निघाली, आता ती 29 ची आहे. फोनवर दोघी रोज बोलतात, आमची लेक मध्येच जाऊन तिला मराठीत 'हाय ताई' म्हणते.

शनिवारी फाइल काढली होती ती एका वकिलाकडे नेण्यासाठी, सप्टेंबरनंतरचं काही करता येतं का ते विचारायला. सगळे कागद वर्षाप्रमाणे लावायचे होते, म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलावर 2001 पासूनचे गठ्ठे केले. 2009 च्या गठ्ठ्यात भाड्याच्या तीन पावत्या कमी निघाल्या. तिने सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून काढली, सोफ्याखाली बघितलं, कपाटातला बुटांचा खोका उलटा केला. दोन सापडल्या. ऑगस्टची अजून मिळालेली नाही, उद्या ती जुन्या घरमालकिणीकडे जाऊन येणार आहे आणि मी गाडी घेऊन सोबत जातेय.